टॉवर चालू आहे तोवर: कोकण किनाऱ्यावर मोबाईलवरून वादळ-पुराचा इशारा कसा मिळवायचा

हे वाचताय तो मोबाईल हातातच आहे, तर आधी एक काम करून घ्या. सेटिंग्ज उघडा आणि वर शोधायची जी पट्टी असते तिच्यात ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या सदरात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ सापडतं. आयफोन असेल तर ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अगदी तळापर्यंत खाली या, तिथे सरकारी अलर्टचं बटण असतं. आत जेवढी बटणं दिसतील तेवढी सगळी चालू करा, चाचणीच्या अलर्टचंसुद्धा. झालं की पुढचं वाचा.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन फुटली, चार्जिंग होत नाही, खारं पाणी गेलं अशा तक्रारी घेऊन बोटी चालवणारे तांडेल येतात, खलाशी येतात, मासळी विकणाऱ्या बाया येतात, शाळेतली मुलं येतात. फोन दुरुस्त करून परत देण्याआधी मी हे बटण बघते. कितीतरी फोनमध्ये ते बंद असतं. २०२३ साली दूरसंचार विभागाने देशभर चाचणीचे अलर्ट पाठवले, तेव्हा फोन एकदम मोठ्याने किंचाळल्यासारखे वाजले आणि घाबरून अनेकांनी हे अलर्ट कायमचे बंद करून टाकले. त्यातल्या काही फोनमध्ये ते आजही बंदच आहेत, आणि ज्यांच्या खिशात ते फोन आहेत त्यांना ते आठवतही नाही.

हा अलर्ट नेहमीच्या मेसेजसारखा नसतो. नेहमीचा मेसेज एकेका नंबरला जातो, त्यामुळे लाखो लोकांना पाठवायचा तर वेळ लागतो आणि गर्दीत अडकतो. हा अलर्ट मात्र टॉवरवरूनच सुटतो आणि त्या टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी उमटतो. त्याला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर कुणाकडे असावा लागत नाही, रिचार्ज संपलेला असला तरी बिघडत नाही. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याच्या फोनवरही तो येतो. अट एकच: टॉवर जिवंत हवा आणि फोन चालू हवा.

त्या टॉवरच्या अटीसाठीच मी हे सगळं लिहितेय. निसर्ग चक्रीवादळ आठवा. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, तयार झालं, २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ तारखेला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या वाऱ्यानिशी किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याचे इशारे त्याच्या दोन-अडीच दिवस आधीपासून येत होते. म्हणजे वेळ होता. पण ज्या घटकेला लोकांना फोनची खरी निकड वाटली, त्या घटकेला खांब आडवे झाले होते, वीज गेली होती आणि टॉवर गप्प झाले होते. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज यायला पुढे आठवडे लागले. वादळ डोक्यावर असताना फोन कामाला येत नाही, तो कामाला येतो आदल्या दिवशी. जे करायचं ते टॉवर चालू आहे तोवर करून ठेवायचं.

कुठली ॲप ठेवायची

तीन पुरेत. दहा ठेवलीत तर एकही उघडणार नाही.

पहिलं ‘सचेत’. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. वादळ, पाऊस, पूर, वीज, सगळ्या खात्यांचे इशारे एका ठिकाणी येतात. आपला जिल्हा निवडून ठेवा, आणि मुलं मुंबईला असतील तर त्यांना त्यांच्या फोनवर गावचा जिल्हा निवडायला सांगा.

दुसरं ‘मौसम’, हवामान खात्याचं. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. दुसरी, पुढच्या तीन तासांचा अंदाज, त्याला नाऊकास्ट म्हणतात. दर तीन तासांनी तो बदलतो, म्हणून सकाळी बघितलेला दुपारी वापरू नका. ‘जोरदार पाऊस’ म्हणजे किती, याचेही आकडे ठरलेले आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ मिलिमीटरच्याही वर गेला की अत्यंत जोरदार. आमच्याकडे आषाढात शंभर मिलिमीटरचं कुणाला काही वाटत नाही, आणि रंग लाल झाला तरी ‘पाऊस तर दरवर्षीच पडतो’ म्हणत लोक नदीकाठी गुरं बांधून येतात. लाल रंग नेहमीच्या पावसाला लावत नाहीत. तो दिसला की गुरं वर आणा.

तिसरं ‘दामिनी’, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेसाठी. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरात भातकापणी, या दोन्ही वेळा माणसं उघड्या शेतात असतात. तुमच्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते नकाशावर दिसतं. वीस किलोमीटरच्या आत ठिपके दिसायला लागले की विळा खाली ठेवायचा आणि पक्क्या घरात यायचं. आंब्याच्या झाडाखाली, खळ्यावरच्या मांडवात किंवा पत्र्याच्या उघड्या पडवीत थांबायचं नाही. दुपारचं आकाश काळवंडलंय आणि ॲप बघायला वेळ नाही असं असेल तर कान वापरा. गडगडाट ऐकू येतो त्या अर्थी तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

ॲप घेतलं की काम संपलं असं समजून लोक जातात, आणि पंधरा दिवसांनी सांगतात, ‘ताई, ते वाजतच नाही.’ वाजत नाही याची दोन कारणं मला दुकानात रोज दिसतात. एक, लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच दिलेली असते, ती ‘नेहमी’ करावी लागते. दुसरं, बॅटरी वाचवायला फोन स्वतःच मागचं ॲप झोपवतो. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’मध्ये जा, ‘बॅटरी’ उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. स्वस्तातल्या चिनी फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ म्हणून आणखी एक बटण असतं, तेही चालू करा. एवढं केलंत की ॲप वाजेल.

बंदरावरची मुलं ‘विंडी’ नावाचं ॲप बघतात. वारा फिरताना डोळ्यांना दिसतो, छान समजतं, मीही बघते. पण तो संगणकाचा अंदाज आहे, इशारा नाही. दोन-तीन दिवसांपुढचं वादळ त्यात आज देवगडला दिसतं आणि उद्या ओमानला. तो बघून बोट काढायचा किंवा न काढायचा निर्णय घेऊ नका. निर्णयासाठी हवामान खात्याचं पत्रक आणि बंदरावर लावलेला इशाऱ्याचा बावटा.

वादळाच्या पत्रकात काय वाचायचं

ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की वादळाला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की टीव्हीवर गडबड सुरू होते. तुम्ही त्याच्या आधीच जागं व्हायचं. ‘कमी दाबाचं क्षेत्र’, मग ‘डिप्रेशन’, मग ‘डीप डिप्रेशन’ अशी चढण असते. हवामान खात्याचे टप्पेही ठरलेले आहेत: किनाऱ्याला त्रास व्हायच्या साधारण ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग, आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यावर पुढे काय होईल त्याचा अंदाज. प्रत्येक पत्रकावर क्रमांक, तारीख आणि वेळ असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकावर ती नसेल तर पुढे पाठवू नका. असेल तर पहिल्यांदा तारीख वाचा, कारण वादळाच्या दिवशी मागच्या वादळाचे व्हिडिओही फिरतात. शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावा.

‘कुठे धडकणार’ एवढंच लोक बघतात. आपल्या गावाचं नाव नसलं की हुश्श करतात. तौक्तेचं काय झालं? २०२१ च्या मे महिन्यात ते रत्नागिरी-सिंधुदुर्गासमोरून समुद्रातूनच वर सरकलं आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत किनाऱ्यावर चढलं. धडक गुजरातेत बसली, पण माड आमचेही मोडले, कौलं आमचीही उडाली, वीज आमचीही गेली. तेव्हा पत्रकात धडकेच्या जागेखालीही वाचा. किनाऱ्याच्या कुठल्या जिल्ह्यात किती वारा, किती उंच लाटा, समुद्राचं पाणी किती आत येईल, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठलंही ॲप त्या क्षणी सांगणार नाही कारण तेव्हा नेटवर्क नसणार. वादळाचा डोळा तुमच्या गावावरून गेला तर वारा एकदम पडतो, आभाळ उघडल्यासारखं होतं. लोक बाहेर येतात, उडालेले पत्रे गोळा करायला लागतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, तितक्याच जोराने. वारा पडला म्हणून दार उघडायचं नाही.

पाऊस आणि भरती एकत्र बघा

आपल्याकडचा पूर एकट्या पावसाचा नसतो. सह्याद्रीवर कोसळलेलं पाणी काही तासांत खाडीशी येतं, आणि त्या वेळी समुद्राला भरती असेल तर त्याला पुढे जायला वाटच मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा दोन दिवसांवर. घाटावरचा पाऊस, वाशिष्ठीला आलेलं पाणी आणि उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती हे सगळं एकत्र आलं. निसर्गच्या वेळीही वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती.

भरतीची वेळ इंटरनेटवर मिळते, पण जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून काढतात ती रीत शिकून घ्या, बॅटरी संपली तरी ती चालते. अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. त्रयोदशीला पावणेदहा. साधारण तीच वेळ बारा तासांनंतर पुन्हा. गावागावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो तुमच्या बंदरावरचा कुणीही म्हातारा सांगेल. मग हिशेब असा मांडायचा: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तीन दिवस, घाटावर लाल रंग, आणि भरती रात्रीची. हे तिन्ही जुळले तर नदीकाठच्या घरांनी संध्याकाळीच सामान माळ्यावर आणि माणसं वरच्या वाडीत.

नदीची पातळी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज जाहीर करतं. दोन आकडे असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी. खेडच्या जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. आपल्या नदीचे हे दोन आकडे फोनमध्ये ‘नदी’ नावाने लिहून ठेवा. नुसता आकडा वाचून मात्र भागत नाही, तो वाढतोय किती वेगाने ते बघा. दोन तासांत एक मीटर चढली तर धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. वाशिष्ठीकाठच्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडणारं पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. त्याबद्दलची सूचना आली तर ती पावसाच्या सूचनेइतकीच गंभीर.

समुद्रात गेलेल्यांसाठी

माझे दीर तांडेल आहेत, त्यामुळे हा भाग मी दुकानापेक्षा घरात जास्त शिकले. किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किलोमीटरपर्यंतच मोबाईलला रेंज असते. मासे त्याच्या कितीतरी पुढे असतात. म्हणून मोबाईलवरचा इशारा बोटीला मिळायचा असेल तर तो बंदर सोडायच्या आधीच मिळायला हवा. निघण्याआधी तांडेलाने मासेमारांसाठीचं पत्रक उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेकडून लाटा आणि वाऱ्याचा अंदाजही येतो, तोही बघावा. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बाहेर असलेल्या बोटींना वेळेवर कळलं नाही, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांतली माणसं परत आली नाहीत ते किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको.

रेंज संपली की वायरलेस. बोटीवरच्या वायरलेस सेटचं (व्हीएचएफ) १६ नंबरचं, संकटाच्या हाकेचं चॅनेल उघडं ठेवायचं, त्यावर गाणी-गप्पा चालू ठेवायच्या नाहीत. उपग्रहावरून मेसेज घेणारी यंत्रंही आता आहेत. ‘जेमिनी’ हे छोटं यंत्र उपग्रहाकडून इशारा घेतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाईलवर दाखवतं, पण ते फक्त ऐकतं, उलट काही पाठवत नाही. बोटींवर बसवले जाणारे ट्रान्सपॉन्डर दोन्हीकडून चालतात, संकटाचा संदेश पाठवतात. तो बसवलेला असेल तर खलाशांपैकी निदान दोघांना त्याचं बटण दाबता यायला हवं. तांडेलच आजारी पडला तर?

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं, कारण ते टॉवरवर अवलंबून नसतं. उघड्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं थांबलं की नकाशात किंवा कंपासच्या ॲपमध्ये आपले अक्षांश-रेखांश दिसतात. घरात बसून एकदा वाचायचा सराव करा. हर्णै बंदर साधारण १७.८ उत्तर, ७३.१ पूर्व. पहिला आकडा वाढला तर तुम्ही उत्तरेला सरकलात, दुसरा कमी झाला तर खोल समुद्राकडे. वायरलेसवर ‘सुवर्णदुर्गाच्या बाहेर’ असं सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले तर तटरक्षक दलाला थेट तुमच्याकडे येता येतं. त्यांचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

परतीचा हिशेबही आधी करून ठेवा. चाळीस सागरी मैलांवर असलेली बोट ताशी सहा-सात मैलांनी निघाली तर शांत पाण्यात बंदराला सहा तासांच्या आसपास लागतात, खवळलेल्या समुद्रात कितीतरी अधिक. म्हणून ४८ तासांचा अलर्ट आला की जाळं ओढायला घ्यायचं, २४ तासांचा येईपर्यंत थांबायचं नाही. आणि आपल्या बंदरात उघडा वारा असेल तर बोट कुठल्या खाडीत नेऊन नांगरायची हे ठरलेलं असू द्या. आमच्याकडच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत किंवा जयगडला जातात, आणि उशिरा पोचणाऱ्याला आत जागा मिळत नाही.

अलर्ट आला. आता पुढचा एक दिवस

सगळ्यात आधी चार्जिंग. घरातले सगळे फोन, पॉवर बँक, बॅटरी, ट्रान्झिस्टरचे सेल. निसर्गनंतर लोक जनरेटरवर पैसे देऊन फोन चार्ज करत होते, रिक्षाच्या बॅटरीला वायर जोडत होते. तेव्हापासून मी एक सांगत आले आहे: पॉवर बँक वीस हजार एमएएचची घ्या, आणि ती दर महिन्याला चार्ज करून ठेवा, कपाटात पडून पडून तीही रिकामी होते.

टॉवर गेला की फोन तो शोधत राहतो, आणि या शोधण्यातच बॅटरी सगळ्यात वेगाने संपते. रेंजची दांडी गेली की फोन फ्लाइट मोडवर टाका. दर दोन तासांनी पाच मिनिटं उघडा, मेसेज येतोय का बघा, पुन्हा बंद. अशाने एका चार्जिंगवर फोन दोन-तीन दिवस जातो.

दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. एकाच कंपनीची दोन ठेवून उपयोग नाही, टॉवर एकच. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांच्या ग्राहकांसाठी टॉवर खुले करायला सांगतं. ते आपोआप जुळलं नाही तर सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्कची ऑटोमॅटिक निवड बंद करून दुसऱ्या कंपनीचं नाव हाताने निवडून बघा. ११२ या आपत्कालीन नंबरचा कॉल मात्र ज्या कंपनीचा टॉवर मिळेल त्यावरून जातो, तो लावून बघायला कचरू नका.

मग मुंबईचा माणूस. कोकणातल्या प्रत्येक घराचा एक माणूस मुंबईला असतो, आणि वादळाच्या दिवशी त्या एका घराला वीस फोन येतात. आधीच ठरवा: आपल्या सगळ्या भावकीतर्फे एकच माणूस, समजा भांडुपची आत्या. गावातून एक साधा मेसेज तिला: ‘सगळे शाळेत. आजी सोबत. घराचे पत्रे गेले.’ बाकी सगळ्यांनी विचारायचं ते आत्याला. कॉल लागत नाही तेव्हाही साधा मेसेज कधीकधी निघून जातो, कारण त्याला टॉवरवर क्षणभराचीच जागा लागते.

फोन जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. भिजलाच तर चार्जिंगला लावू नका, हे हात जोडून सांगते. तांदळात पुरूनही काही होत नाही. बंद करा, पुसा, वाऱ्यावर ठेवा. खारं पाणी गेलं असेल तर सुकल्यावरही चालू न करता दुरुस्तीला आणा.

ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे

मागच्या पावसाळ्याआधी मासळीवाली एक आजी फोन घेऊन आली. ‘बाय, ह्याच्यावर लेकाचा मेसेज येतच नाय.’ उघडून बघितलं तर मेसेजचा डबा भरलेला. रिचार्जच्या जाहिराती, कर्जाच्या जाहिराती, लॉटरी. नव्याला शिरायला जागाच नव्हती, आणि त्या जाहिरातींच्या मध्ये हवामानाचा इशाराही न वाचता पडलेला होता. सगळं पुसून दिलं. मग मेसेजच्या यादीतून ‘ब्रॉडकास्ट’ चालू केलं. काही फोनमध्ये याला ‘इन्फो मेसेज’ म्हणतात, काहींत ते नसतंच. शेवटी २ नंबरचं बटण दाबून धरलं की शेजारच्या वहिनीला आणि ३ नंबरचं दाबलं की ११२ ला कॉल जाईल असं लावून दिलं, आणि आजीकडून माझ्यासमोर २ नंबर दाबून घेतला. वहिनीचा फोन वाजला तेव्हा ती उठली.

तुमच्या वाडीतल्या अशा प्रत्येक फोनचं हे करायला दहा मिनिटं लागतात. पण आजीला वाचता येत नसेल तर वाजलेल्या फोनचा अर्थ तिला कुणीतरी सांगायलाच हवा. म्हणून यादी. एका स्मार्टफोनवाल्याकडे पाच घरं, त्यात बटणाचे फोन, एकटी राहणारी म्हातारी माणसं, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेलं कुणी. नारिंगी आला की फोन करायचा, लाल आला की स्वतः दारात जायचं. व्हॉट्सॲपचा गट असेल तर त्यात लिहायची मुभा फक्त दोघा-तिघांना ठेवा, नाहीतर इशाऱ्यावर शुभ सकाळचे फोटो चढतात. आणि टॉवर गेल्यावर काय हेही ठरवा: देवळाची घंटा आणि मशिदीचा भोंगा, दोन्ही वाजले की वरच्या शाळेत. भोंग्याला वीज लागते, तेव्हा त्याला बॅटरी जोडलेली आहे का ते मे महिन्यातच बघा. बातम्यांसाठी सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र.

डोंगराखालच्या वाड्या

दरडीचा इशारा फोनवर तितक्या नेमकेपणाने येत नाही. वादळ दोन दिवस आधी कळतं, डोंगर सांगून येत नाही असं लोक म्हणतात. पण तो खुणा देतो, आणि त्या खुणा टिपायला फोनसारखं साधन नाही. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ ला दरडीखाली गेलं, रस्ते पाण्याखाली होते, मदत पोचायला दुसरा दिवस लागला. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली, वर जायला गाडीरस्ताच नव्हता. अशा ठिकाणी बाहेरच्या इशाऱ्यावर विसंबून चालत नाही.

घराच्या मागे, बांधावर किंवा रस्त्यात जमिनीला भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका. खुंट्यांमध्ये मोजपट्टी धरा आणि आकडा दिसेल असा फोटो काढा. रोज सकाळी त्याच जागेवरून, त्याच बाजूने. चार दिवसांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की भेग रुंदावतेय का ते कुणालाही दिसतं, आणि तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयाला पाठवलं की ‘तुमचा भास असेल’ असं कुणी म्हणू शकत नाही. वाकत चाललेला विजेचा खांब, एका बाजूला कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, दार-खिडकी चौकटीत अडकू लागणं, हेही असंच टिपा. सोबत सरळ बाजूंच्या डब्यात रोजचा पाऊस मोजा. दोनशे मिलिमीटरच्या पुढे एका दिवसात गेला आणि भेग वाढलेली असेल तर कुणाच्या आदेशाची वाट न बघता झोपायला दुसरीकडे जा, उजेड असतानाच.

त्सुनामीचं अनेकदा मुलं विचारतात, म्हणून थोडक्यात. अरबी समुद्रात ती येऊन गेलेली आहे, नोव्हेंबर १९४५ मध्ये, मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपानंतर, आणि मुंबईपर्यंत पोचली होती. तिकडून इकडे यायला लाटेला काही तास लागतात, त्यामुळे हैदराबादच्या इन्कॉइसकडून इशारा यायला वेळ असतो. तो अलर्ट आला, किंवा समुद्र अवेळी फार आत ओसरलेला दिसला, तर मासे वेचायला खाली जाऊ नका, वर जा.

पाच-पाच घरांची यादी करायला चांगला दिवस १ मे. ग्रामसभा असते, पाऊस महिन्यावर आलेला असतो आणि सुट्टीला आलेले चाकरमानी गावातच असतात. सभेला फोन घेऊन यायला सांगा. अलर्टचं बटण, भरलेले मेसेज, १०७७ आणि ११२ हे नंबर, जिल्हा नियंत्रण कक्षाचा लँडलाईन नंबर, मुंबईच्या माणसाचा नंबर, हे तिथेच एकमेकांच्या फोनमध्ये तपासून घ्या. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एक पोलीस पाटलांकडे आणि एक कागदावर, प्लास्टिकमध्ये घालून, प्रत्येक पाच घरांतल्या त्या एका दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली.